साडेअकरा हजार जबडे आणि एक सुसर

कवळीकाकांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत. सोळा वर्षं शेजारी राहणारे गृहस्थ जिन्यात समोर आले, तरी काका बाजूला सरून त्यांना वाट देतात आणि पुढे चालू लागतात. गृहस्थ हसले, की मात्र काका थबकतात. "अहो, तुम्ही होय! वरची कवळी, दुसऱ्यांदा बसवलेली!" गृहस्थांना आता याची सवय झाली आहे. जिना चढायला लागले, की ते आधीच दात दाखवून ठेवतात.

एका दातांच्या दवाखान्यात मागच्या खोलीत बसून कवळ्या करायच्या, हे काम काका एकतीस वर्षं करत आले आहेत. पुढे पेशंटच्या बाकांची खोली, मध्ये डॉक्टरीणबाईंची खुर्ची आणि मागे काकांचं राज्य. तिथे प्लास्टरच्या धुळीने पांढरं झालेलं टेबल, घासायचं चाक, आणि नळाच्या वर एक फळी. फळीवर चौघडी केलेल्या फडक्यावर पेटी. फडकं अशासाठी, की पेटी चालू असली की थरथरायची आणि खालच्या कवळ्या वाजायच्या.

भिंतीवर एक पाटी होती. डॉक्टरीणबाईंच्या वडिलांनी दवाखाना काढला, तेव्हा स्वतःच्या हाताने रंगवलेली: ‘चावून बघितल्याशिवाय काही द्यायचे नाही, काही घ्यायचे नाही.’ वडील गेले, पाटी राहिली, आणि ती खाली काढायची छाती कुणाचीच झाली नाही. काका तर पाटी अक्षरशः पाळत. दवाखान्याला नवे पडदे आले, तेव्हा काकांनी त्यांचाही कोपरा चावून बघितला, असं काउंटरवरच्या मावशी सांगतात. मावशींचं सगळंच खरं धरायचं नसतं, पण पडद्यावर खूण आहे.

आता ही पेटी म्हणजे काय, ते सांगायला हवं. साध्या भाषेत, ते एक कपाट होतं आणि दवाखान्यातल्या सगळ्या कॉम्प्युटरना त्यात हात घालता यायचा. चौदा वर्षांत ज्याच्या ज्याच्या तोंडाचं माप घेतलं, त्याचा जबडा त्यात ठेवलेला. कवळी तुटली, हरवली, कुत्र्याने पळवली, तर काका पेटीतून जबडा काढायचे, कोपऱ्यातलं यंत्र त्यावरून पांढऱ्या प्लास्टिकची कवळी छापून द्यायचं, आणि तासाभरात पेशंट पुन्हा माणसात यायचा. असे साडेअकरा हजार जबडे त्या पेटीत नांदत होते.

फक्त एक भानगड होती. जबड्यांना नावं काकांनी दिली होती. आणि काकांना माणसांची नावं लक्षात राहत नसल्यामुळे ती नावं जबडा बघून दिलेली होती. एकाच दातावर तग धरून असलेले आजोबा पेटीत ‘शेवटचा भाडेकरू’ होते. पुढच्या दोन दातांत मोठी फट असलेला शिक्षक ‘दोन भावांची वाटणी’. ‘ससा जुना’ आणि ‘ससा नवा’ हे बापलेक. एक बाई ‘राजवाडा’ होत्या, कारण तसा जबडा काकांनी जन्मात पाहिला नव्हता. आत फोन नंबर लिहिलेला असायचा, नाव कधीच नाही.

आणि एक होती ‘सुसर’.

बारा वर्षांपूर्वी एक बाई पहिली कवळी बसवायला आल्या. काकांनी कवळी तोंडात ठेवली, कड नीट बसली का ते बोटाने चाचपली, आणि सवयीने, पाटीला स्मरून, म्हणाले, "चावा." बोट अजून आत होतं. बाई आज्ञाधारक होत्या. त्या चावल्या. चूक काकांचीच होती, हे काकांनाही मान्य आहे. पण ठणकणाऱ्या बोटाने टाइप करताना माणूस न्यायाधीश नसतो. त्यांनी लिहिलं ‘सुसर’, आणि विषय मिटला असं त्यांना वाटलं.

तीन वर्षांनी त्याच बाईंनी आपल्या मुलासाठी काकांच्या मुलीला मागणी घातली. काकांनी त्यांना ओळखलं नाही, अर्थातच. साखरपुड्याच्या दिवशी बाई हसल्या, तेव्हा काकांच्या हातातला पेला खाली पडला. सुसर त्यांची विहीण झाली होती.

तेव्हापासून काकांच्या जिवाला घोर लागला. विहीणबाई शिस्तीच्या, कमी बोलणाऱ्या, आणि बोलल्या की समोरच्याने खुर्चीत सरळ बसावं अशा. लेक त्यांच्या घरात सुखात होती; त्या सुखाला आपल्या एका शब्दाने नख लागलं तर? काकांनी ‘सुसरबाई, तुझी पाठ मऊ’ ही म्हण आचरणात आणायला घेतली. विहीणबाईंनी केलेला चहा गार असला तरी ‘वा’. त्यांनी विणलेला स्वेटर काखेत काचत असला तरी भर उन्हाळ्यात अंगात. विहीणबाई म्हणाल्या, आज फार उकडतंय, तर काका म्हणायचे, "तुम्ही म्हणताय म्हणजे प्रश्नच नाही." काकू वैतागून म्हणायच्या, "अहो, उकाडा त्यांनी केलेला नाही!"

नाव बदलून का टाकलं नाही, असं कुणीही विचारील. काकांनी प्रयोग केला होता. ‘घुबड’ नावाच्या जबड्याला त्यांनी एकदा ‘सज्जन गृहस्थ’ केलं. जुन्या पेटीला ते मानवलं नाही. छापायचं यंत्र ‘घुबड’ अशाच हाका मारत राहिलं आणि सज्जन गृहस्थांना, पुन्हा ‘घुबड’ होईपर्यंत, तीन आठवडे नुसतं पातळ पिऊन काढावे लागले. विहीणबाईंवर ती वेळ आणायची काकांची हिंमत नव्हती.

म्हणून पेटी खडखडायला लागली आणि डॉक्टरीणबाईंनी नवी आणायचं ठरवलं, तेव्हा दवाखान्यात सगळ्यांत जास्त आनंद काकांना झाला.

कॉम्प्युटरवाली आली. केस वर बांधलेली, खांद्याला पिशवी, आणि कुठल्याही प्रश्नावर आधी "होईल" म्हणणारी. तिने नवी पेटी जुनीच्या शेजारी फळीवर ठेवली, दोघींमध्ये वायर जोडली.

काकांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "हिच्यात नाव बदललेलं चालतं का गं?"

"होईल. पण आधी सगळं जसंच्या तसं इकडून तिकडे जाऊ दे, तपासून घेऊ, मग काय हवं ते बदला."

काकांना आकाश ठेंगणं झालं. मनातल्या मनात त्यांनी नवं नावही ठरवलं: ‘विहीणबाई, अत्यंत प्रेमळ’.

जबडे निघाले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आधी आलं, ‘उरलेला वेळ: एकेचाळीस तास’. काका चहा पिऊन आले तर, ‘सहा मिनिटं’. त्यांनी घाईने टेबल पुसलं, तर, ‘एकशे एकोणीस तास’. काकांनी विचारलं, "ही खरं कधी बोलते?" कॉम्प्युटरवाली म्हणाली, "संपल्यावर." तीन दिवस काका स्टुलावर बसून एकेक नाव सरकताना बघत होते. ‘शेवटचा भाडेकरू’ गेला, तेव्हा त्यांना भरून आलं. मावशींना म्हणाले, "चौदा वर्षं एका जागी काढली बिचाऱ्याने."

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळं संपलं. कॉम्प्युटरवाली म्हणाली, "झालं! दोन्हीकडची बेरीज जुळली. साडेअकरा हजार इकडे, साडेअकरा हजार तिकडे."

काकांनी पाटीकडे बोट दाखवलं. "बेरीज जुळली म्हणजे चावता येतं असं नाही."

"काका, मशीनने एकेक अक्षर ताडून बघितलंय."

"मशीनला दात आहेत का?"

या प्रश्नाला कॉम्प्युटरवालीकडे ‘होईल’ नव्हतं. तिने डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. डॉक्टरीणबाईंनी पाटीकडे बघितलं, वडील तिथून उतरून येतील अशा भीतीने, आणि म्हणाल्या, "काकांचं बरोबर आहे. चावून बघितल्याशिवाय जुनी पेटी बंद करायची नाही."

"साडेअकरा हजार लोकांना बोलावणार?"

"नाही, नाही. वेडे आहोत का आम्ही?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तीस बोलवू."

आपण शहाणपणाचा निर्णय घेतला, असं सगळ्यांना वाटलं. कॉम्प्युटरवालीने मशीनला कोणतेही तीस निवडायला सांगितले. यादी छापून आली. काकांनी ती हातात घेतली आणि सतराव्या ओळीवर त्यांची नजर खिळली. पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते काकांना त्या क्षणी कळलं.

"पुन्हा निवड," ते म्हणाले.

"का?"

"मला ही निवड आवडली नाही."

"काका, आवडीने निवडायचं असतं तर मशीन कशाला? एक बदलला की तपासणीला अर्थ राहत नाही."

साडेअकरा हजारांत तीस, आणि त्या तिसांत ही! काकांनी दाताच्या कण्या केल्या, पण डॉक्टरीणबाई हलल्या नाहीत. यादी काउंटरवर गेली.

मावशींकडे नुसती टोपणनावं आणि फोन नंबर. त्यांनी तीस फोन केले आणि तिसांनाही एकच वाक्य सांगितलं: "तुमचा जबडा निवडला गेलाय. उद्या सकाळी दहाला तोंड घेऊन या." कशासाठी, हे मावशींनी सांगितलं नाही, कारण त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "बाबा, आईंचा जबडा निवडला गेलाय म्हणे? काय आहे ते? त्यांनी ठेवणीतले कपडे काढलेत."

"त्यांना म्हणावं, फार गर्दी असेल. कशाला उगीच दगदग?"

"बाबा, गर्दी आहे म्हटल्यावर तर त्या येणारच. निवडल्या गेल्यात ना!" आणि आवाज खाली आणून ती म्हणाली, "नऊ वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना आरशासमोर गुणगुणताना ऐकलं."

काकांनी फोन ठेवला. काकूंना सगळं ठाऊक होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तुम्ही तर बोट दाखवलंत."

सकाळी काका नऊला दवाखान्यात हजर. मावशींना बाजूला घेऊन म्हणाले, "मावशी, एक काम करा. आज नावाने नको, नंबराने हाका मारा."

"मुळीच नाही," मावशी म्हणाल्या. "मागे एकदा नंबराने हाक मारली, तर सहा नंबरऐवजी नऊ नंबरची दाढ काढली गेली. यादीत नाव आहे, मी नावाने हाक मारणार."

"मग सतरावं नाव तेवढं हळू वाचा."

"मी हळू वाचलेलं कुणी ऐकलंय का आजवर?" मावशी म्हणाल्या. ते मात्र खरं होतं.

दहा वाजता तीस माणसं यायची होती, चव्वेचाळीस आली. ‘जबडा निवडला गेलाय’ म्हटल्यावर काहींनी बक्षिसाच्या आशेने नातेवाईक आणले होते. एक गृहस्थ भाषण लिहून आले होते. मावशींनी आल्या आल्या प्रत्येकाला एक पेला दिला आणि कवळी काढून त्यात ठेवायला लावली. बाकांच्या खोलीत एकोणतीस माणसं गालफडं आत गेलेली, मांडीवर पेला धरून बसली. विहीणबाई तिसऱ्या बाकावर, निळ्या रेशमी कपड्यांत, ताठ. त्यांनी मात्र कवळी काढली नव्हती. मावशींनी पेला पुढे केला, तेव्हा त्यांनी मावशींकडे नुसतं बघितलं, आणि मावशींनी पेला मागे घेतला. असं आजवर घडलेलं नव्हतं.

मावशी उभ्या राहिल्या आणि ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "शेवटचा भाडेकरू!"

कुणी उठेना. लोक एकमेकांकडे बघू लागले. मावशी पुन्हा ओरडल्या. काकांना आतून बाहेर यावं लागलं. ते बाकांवरून नजर फिरवत गेले, पण कवळ्या पेल्यात आणि चेहरे कोरे. काकांना एकही माणूस ओळखू येईना.

"तोंड उघडा सगळ्यांनी," ते म्हणाले. चव्वेचाळीस तोंडं उघडली. एका तोंडात एकच दात चमकला, आणि काका आनंदाने म्हणाले, "हे काय, इथे आहेत!"

आजोबांनी जाताना विचारलं, "मी भाडेकरू? माझं स्वतःचं घर आहे!" पण तेवढ्याने खोलीत सगळ्यांना उमगलं, की ही नावं आपलीच आहेत. मग काय विचारता! ‘राजवाडा’ म्हटल्यावर पाच जण उठले, त्यांतले दोन नुसते सोबत आलेले. ‘दोन भावांची वाटणी’ म्हटल्यावर शिक्षक उठले आणि म्हणाले, "वाटणी कोर्टात आहे, तुम्हाला कुणी सांगितलं?" ‘खिंडार’ला कुणीच जाईना, शेवटी एका बाईंनी आपल्या नवऱ्याला कोपराने ढोसलं. ‘ससा’ बापलेकांत आधी कोण, यावर वाद झाला आणि भाषण लिहून आणलेल्या गृहस्थांनी मध्यस्थी केली.

आत काम चोख चाललं होतं. नव्या पेटीतून छापलेल्या तीस पांढऱ्या कवळ्या ताटात मांडून ठेवल्या होत्या. पेशंट खुर्चीत बसायचा, काका कवळी बसवायचे, कड चाचपायचे, बोट काढायचे, म्हणायचे, "चावा." टक् असा आवाज यायचा. डॉक्टरीणबाई यादीवर खूण करायच्या. सोळा झाले, सोळाही बसले. कॉम्प्युटरवाली कोपऱ्यात उभी राहून आपली बेरीज माणसं चावताना बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू एक प्रकारचा आदर दिसायला लागला होता.

मग मावशींनी श्वास भरून घेतला. काकांना तो दाराआडूनही ऐकू आला.

"सुसर!"

बाहेर हशा पिकला. इतका वेळ जे खिंडार आणि घुबड म्हणून हिरमुसले होते, ते सगळ्यांत मोठ्याने हसले. "कोण हो सुसर? उठा, उठा!" काका ताटावर दोन्ही हात टेकून उभे होते. त्यांच्या डोळ्यांसमोर लेकीचं घर आलं, त्या घरातलं जेवणाचं टेबल, आणि त्या टेबलाशी आजपासून धरला जाणारा अबोला. बाहेर जाऊन ‘मीच सुसर’ म्हणावं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

हसणं एकदम थांबलं. बाक सरकल्याचा आवाज झाला, आणि विहीणबाईंचा आवाज आला, नेहमीसारखा, एकेक शब्द तोलून.

"मी आहे."

त्या आत आल्या. खुर्चीत बसल्या, कपडे सारखे केले, आणि काकांकडे न बघता आपली कवळी काढून खुर्चीजवळच्या पेल्यात ठेवली. काकांनी त्यांना बारा वर्षांत असं बघितलं नव्हतं. गाल आत गेले, हनुवटी वर आली, चेहरा मुठीएवढा झाला. काकांना त्यांची एकदम कणव आली, आणि स्वतःची लाज वाटली.

त्यांनी ताटातली सतरावी कवळी उचलली. कवळी तोंडात ठेवली, बोटाने कड चाचपली, डावीकडे, उजवीकडे. आणि मन ठिकाणावर नसलं, की हात आणि जीभ जुन्याच वाटेने जातात.

"चावा," ते म्हणाले.

बोट आत होतं. डॉक्टरीणबाईंची पेन्सिल थांबली. विहीणबाई चावल्या नाहीत. तोंड उघडं ठेवून त्यांनी काकांच्या मनगटावर दोनदा हलकेच टिचकी मारली. काकांनी चटका बसल्यासारखं बोट काढून घेतलं. मग विहीणबाई चावल्या. टक्.

"व्याही," त्या म्हणाल्या. नव्या पेटीतून आलेल्या दातांनी उच्चारलेला तो पहिला शब्द, आणि तो स्वच्छ आला. "बोट आधी काढायचं असतं. बारा वर्षांत शिकला नाहीत."

"विहीणबाई, ते नाव... मी तेव्हा... आपली ओळख नव्हती हो..."

"पाकिटावर लिहिलं होतंत की."

"कुठल्या पाकिटावर?"

"पहिली कवळी मला दिलीत, त्या पाकिटावर. मोठ्या अक्षरांत, ‘सुसर’. माझ्या कपाटात आहे अजून."

काकांना खाली बसावंसं वाटलं, पण खुर्ची एकच होती आणि तिच्यात विहीणबाई होत्या. "म्हणजे मागणी घालायला आलात, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं म्हणून तर आले." विहीणबाईंनी जीभ कवळीवरून फिरवली, कड तपासली. "तुमच्या बोटातून रक्त येत होतं. माझ्या हनुवटीवर सांडलं. तुम्ही ओरडला नाहीत. दुसऱ्या हाताने माझी हनुवटी पुसलीत आणि मला विचारलंत, ‘टोचत नाही ना कुठे?’ आमच्या घरात चमचा पडला तरी आवाज चढायचे तेव्हा. मी म्हटलं, या माणसाच्या घरची मुलगी आपल्याकडे यायला हवी."

चाक बंद होतं, जुनी पेटी तेवढी फडक्यावर थरथरत होती. काकांचे डोळे भरून आले आणि ते लपवायला त्यांच्या हातात कवळ्यांच्या ताटाशिवाय काही नव्हतं.

"नाव बदलतो आज," ते कसेबसे म्हणाले. "ही पेटी बदलू देते."

"बदलू नका. मला त्याच नावाने निवडलंय." त्या उठल्या, आपल्या कवळीचा पेला हातात घेतला, आणि दारात वळल्या. "एक मात्र बदला. नऊ वर्षं माझी पाठ मऊ म्हणताय, ते बंद करा. मी चहा गार करते, मला ठाऊक आहे. आणि तो स्वेटर काढा, काखेत काचतोय तुम्हाला."

त्या गेल्या. डॉक्टरीणबाईंनी यादीवर सतराव्या ओळीपुढे खूण केली आणि काकांकडे बघितलं. काकांनी स्वेटर काढून स्टुलावर ठेवला, बाहीने डोळे पुसले आणि अठरावी कवळी उचलली.

"‘सुसर’पुढे ‘टोचत नाही’ तेवढं लिहा," ते म्हणाले.